बोट उस्तादांचं, अंगठा खुंटीचा

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जो फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या काचेत एक फोटो लावलेला आहे. येणारा-जाणारा आधी हसतो आणि मग थांबतो. फोटोत पुढे दोन माणसं आहेत. एक चषक देतोय, दुसरा घेतोय. दोघांचीही तोंडं कोणी ओल्या फडक्याने पुसून काढल्यासारखी दिसतात. चषक म्हणजे नुसता पिवळा गोळा. पण त्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीतून पाहिलंत, तर लांब मैदानाच्या पार टोकाला एक मुलगी धावताना दिसते. एकटीच. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. तिच्या बुटाची सुटलेली नाडी दिसते, दातांखाली धरलेला ओठ दिसतो, कपाळावर चिकटलेली बट दिसते. फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, "बोट उस्तादांचं, अंगठा खुंटीचा."

खुंटी म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. आता चाळिशी ओलांडली तिने, पण नाव तेच राहिलं. हे नाव मीच ठेवलं. लहानपणी तिला जिथे उभी करावी तिथे ती रुतायची. ओढा, रागवा, खाऊ दाखवा, हलायची नाही. शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता. बुटकी मुलं पुढे, उंच मागे, असा हुकूम. ही बुटकी, पण हिची मैत्रीण उंच. ही जाऊन मैत्रिणीशेजारी मागे उभी राहिली. बाईंनी हात धरून पुढे आणलं, ही परत मागे. पुन्हा आणलं, पुन्हा मागे. शेवटी फोटोवाला कंटाळला आणि त्याने तसाच फोटो काढला. त्या फोटोत हिचा फक्त भांग दिसतो. बहिणीने कपाळावर हात मारला, तर ही म्हणते, "मी आहे ना त्यात? मग झालं तर!"

मी स्वतः गावच्या शाळेत शिकलो. एक खोली, एक गुरुजी, आणि सगळे वर्ग एकाच सतरंजीवर. चौथीचं गणित पहिलीत असतानाच कानावर पडायचं, म्हणून चौथीत गेल्यावर ऐकायचं काही कारणच उरलं नाही. पुढे आयुष्यभर रोड रोलर चालवला. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट सावकाश कळते, पण कळली की सपाट कळते. आमची ही म्हणते, "तुमचं बोलणंही रोलरसारखंच, एकाच जागेवरून पुढे-मागे." असो. रोलरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जायची नाही, म्हणून सांगून टाकतो.

माझे पाय आखूड. रोलरचा क्लच मला पुरायचा नाही. दाबायचा म्हटलं की सीटवरून घसरावं लागायचं, आणि घसरलं की समोरचा रस्ता दिसायचा नाही. मी पेडलवर लाकडाचा एक ठोकळा बसवला. पाय पोचला, रस्ता दिसला. एके दिवशी साहेब आले. म्हणाले, "खात्याच्या मशीनला खिळे ठोकलेस? काढ तो ठोकळा." मी म्हटलं, "साहेब, मशीन खात्याचं आहे, पाय माझे आहेत." साहेबांनी बराच वेळ माझ्या पायांकडे पाहिलं आणि निघून गेले. ठोकळा मी निवृत्त होईपर्यंत होता. ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की मी सुरुवात केली की पोरं माझ्याआधीच शेवट सांगतात. खुंटी त्यातलीच. शाळेसाठी ती आमच्याकडे राहायची, तेव्हा रोज जेवताना ऐकायची.

शिक्षण संपल्यावर ती या स्टुडिओत लागली. आधी काउंटरवर, पासपोर्टचे फोटो कातरीने कापायचे आणि पाकिटात घालून द्यायचे. मग हळूहळू कॅमेरा हातात आला. स्टुडिओचे मालक म्हणजे साठीचे गृहस्थ, पण धंदा वडिलांनी सुरू केलेला, म्हणून जुनी माणसं त्यांना अजून छोटे मालक म्हणतात. आणि उस्ताद म्हणजे त्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेले थोरले फोटोग्राफर. काटकुळे, शर्टाच्या खिशात लेन्स पुसायचं पिवळं फडकं, आणि चष्मा नेहमी कपाळावर. चष्मा डोळ्यांवर असलेला मी क्वचितच पाहिला. उस्तादांनी कितीतरी पोरं तयार केली आणि प्रत्येकाला एकच मंत्र दिला. "अर्धं दाबा, बीप ऐका, पूर्ण दाबा." फोटो काढायचं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा समोरच्या वस्तूवर नजर बसवतो, फोकस म्हणतात त्याला. नजर बसली की बीप वाजते. मग पूर्ण दाबायचं. उस्तादांचा त्या बीपवर घरच्या माणसापेक्षा जास्त विश्वास.

स्टुडिओत एकाच जातीचे तीन कॅमेरे आले तेव्हा मालकांनी भिंतीवर कागद लावला. "तिन्ही कॅमेरे एकसारखे राहतील. सेटिंगला कोणीही हात लावू नये." नियम वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. ऐन घाईत कोणाच्याही हाती कुठलाही कॅमेरा येतो. उचलला की चालला पाहिजे. माझ्या रोलरवर बदली ड्रायव्हर बसायचा तेव्हा तोही ठोकळ्याला शिव्या द्यायचा.

स्टुडिओला शाळांच्या क्रीडास्पर्धांचं काम मिळालं आणि तिथून सगळं सुरू झालं. खुंटीला मैदान इतकं आवडलं की विचारू नका. उन्हात काळी होऊन यायची, गुडघ्यांना माती, आणि तोंडभर हसू. पण एकदा आली ती रागाने लाल होऊन. आमच्या जेवायच्या टेबलावर तिने फोटो पसरले.

"मामा, ही अडथळ्यांची शर्यत. बघा आणि सांगा, धावतंय कोण?"

मी पाहिलं. अडथळ्यांच्या लाकडी पट्ट्या अगदी ठसठशीत आल्या होत्या. पट्टीवरचा उडालेला रंग मोजून घ्यावा इतक्या. त्यावरून उड्या मारणारी मुलं मात्र रंगीत धुरासारखी.

"आणि ही दुसरी. म्हटलं, चेहरे शोधायची सोय आहे कॅमेऱ्यात, ती लावून बघू. तर ह्याने चेहरे शोधले. कोणाचे? मागे तंबूत खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांचे!"

खरंच की. एक पाहुणे जांभई देताना, एक कान कोरताना, एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधताना, सगळे कसे स्पष्ट. पुढून पळणारी मुलं धूसर.

"खुर्चीवरच्या माणसांचं कॅमेऱ्यालाही आकर्षण असतं तर," मी म्हटलं.

"मी बघते एकीकडे आणि हा बघतो भलतीकडेच. कोण महत्त्वाचं हे ह्याला कोणी सांगितलं? ते मी ठरवणार."

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा घेऊनच आली. टेबलाशी बसली आणि त्या बारीकशा पडद्यावरच्या याद्यांत शिरली. याद्यांच्या पोटात याद्या. चहा निवला, मामीने दुसरा केला, तोही निवला. मग एकदम म्हणाली, "सापडलं!" कुठल्या बटणाने कुठलं काम करायचं, हे म्हणे आपल्याला बदलता येतं.

"म्हणजे ब्रेकला गियर करायचं?" मी विचारलं.

"तसंच समजा. हे पुढचं बटण दोन कामं करतं. अर्धं दाबलं की नेम धरतं, पूर्ण दाबलं की फोटो काढतं. मी ह्याच्याकडून नेमाचं काम काढून घेतलं. आता ह्याने फक्त फोटो काढायचा."

"मग नेम कोण धरणार?"

"अंगठा. मागे ही तीन बटणं आहेत, अंगठ्याखाली. वरचं दाबलं की बारकासा एकच चौकोन, त्यात जे असेल तेच धरायचं. हे उभ्या माणसांसाठी. मधलं दाबून ठेवलं की पळणाऱ्याच्या मागे लागतं, सोडेपर्यंत पिच्छा सोडत नाही. खालचं डोळे शोधतं, जवळून फोटो काढायचा असला की. पाहिजे ते धरायचं, आणि अंगठा उचलला की नजर होती तिथेच थांबते. मग कोणी मध्ये आलं तरी हा बावळट तिकडे वळत नाही."

"आणि न बघता कुठलं कुठलं कसं कळणार?"

तिने मामीची नखं रंगवायची बाटली मागितली. आमची ही नखं रंगवते, हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या बटणावर रंगाचा एक थेंब टाकला, तो वाळून टणक झाला. खालच्यावर सायकलच्या ट्यूबला लावतात त्या पॅचचा कातरून काढलेला बारीक गोल चिकटवला. मधलं तसंच गुळगुळीत ठेवलं. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. "टणक, गुळगुळीत, रबर. टणक, गुळगुळीत, रबर."

सराव कोणावर करायचा? घरात रिकामा मीच. अंगणात मला चालायला लावलं.

"मामा, जरा जोरात!"

"अगं, मी रोलरवाला आहे. माझा जोर एवढाच."

"वळा. परत या. काठी हलवत या. आता थांबा. आता एकदम निघा!"

संध्याकाळपर्यंत माझे घोटे बोलायला लागले. पहिल्या फोटोंत माझ्या सदऱ्याचं बटण स्पष्ट आणि तोंड गायब. मग हळूहळू तोंड आलं. काही दिवसांनी तर मी पळत असताना, म्हणजे माझ्या मानाने पळत असताना, मिशीचा केस अन् केस मोजता यावा असे फोटो यायला लागले. त्यातला एक मी पाकिटात ठेवतो. आमची ही म्हणते, ह्या वयात एवढ्या घाईत निघालात कुठे?

आता येतो मूळ मुद्द्यावर. शाळांच्या मोठ्या स्पर्धा होत्या. खुंटी आणि उस्ताद दोघं मैदानावर. मीही होतो, मला कोणी बोलावलं नव्हतं. लांब पल्ल्याची शर्यत चालू होती. बाकी सगळ्या मुली येऊन पाणी प्यायला लागल्या तरी एक मुलगी अजून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पळत होती. संयोजकांना घाई. प्रमुख पाहुणे म्हणजे एक मोठे कंत्राटदार, शाळेला इमारत बांधून देणार होते. त्यांनी बांधलेल्या रस्त्यांवरून मी रोलर फिरवलेला आहे, तेव्हा इमारतीबद्दल मी काही बोलत नाही. तर त्यांना निघायचं होतं, म्हणून ती मुलगी पळत असतानाच बक्षीस समारंभ सुरू केला.

खुंटी समारंभाकडे पाठ करून उभी होती. मधल्या बटणावर अंगठा, आणि नजर त्या मुलीवर. फोटो काढले, आणखी काढले, मग घसा कोरडा पडला म्हणून कॅमेरा टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेली. एवढ्यात इकडे उस्तादांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पाहुण्यांनी चषक उचललेला. उस्तादांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि टेबलावरचा खुंटीचा कॅमेरा उचलला. अर्धं दाबलं. बीप नाही. उस्तादांना वाटलं, ह्या पोरीने आवाज बंद केलाय. पूर्ण दाबलं. खटखटखट. चष्मा कपाळावर, त्यामुळे कॅमेऱ्यातून जे धूसर दिसत होतं ते त्यांच्या नेहमीच्या जगापेक्षा काही वेगळं नव्हतं. अन् कॅमेऱ्याची नजर अजून तिथेच होती, जिथे खुंटीने ती सोडली होती. पार टोकाला, त्या मुलीवर.

पुढचं तुम्ही काचेत पाहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओतल्या बाकावर बसलो होतो. निवृत्त माणसाला बाक कुठलाही चालतो. मालकांनी तो फोटो काउंटरवर आपटला.

"हे काय आहे?"

"फोटो," खुंटी म्हणाली.

"कोणाचा?"

"त्या मुलीचा. छान आलाय."

"पाहुण्यांच्या ऑफिसातून फोन आलाय! त्यांना तोंड नाही या फोटोत! शाळेचं काम जायची वेळ आली!"

"बीपच नव्हती," उस्ताद कोपऱ्यातून म्हणाले. "मी अर्धं दाबलं, बीप नाही. बीप नाही म्हणजे कॅमेरा मेलेला. हिने मारलाय तो. बोट सोडून अंगठ्याने काम करते. अंगठेबहाद्दर!"

"आहेच मी," खुंटी म्हणाली. "उस्ताद, तुम्ही मला हाक मारायची होती. मी दहा पावलांवर होते."

"मी हाक मारू? माझ्याच स्टुडिओतला कॅमेरा उचलायला?"

मालकांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "ह्यासाठी नियम आहे. उद्यापासून तुझा कॅमेरा बाकीच्या दोघांसारखा. नाहीतर मैदान बंद. काउंटरवर बसायचं, कायमचं. बोल."

मला वाटलं, आता खुंटी वाकणार. चार दिवसांनी पुन्हा स्पर्धा होत्या आणि तिचा जीव मैदानात अडकलेला मला ठाऊक होता. तिने कॅमेरा उचलून मालकांपुढे ठेवला.

"मालक, कॅमेरा तुमचा आहे. अंगठा माझा आहे."

मी मांडीवर थाप मारली. इतक्या जोरात, की पासपोर्टच्या फोटोला बसलेलं गिऱ्हाईक दचकलं. मालक म्हणाले, "मामा, तुम्ही मध्ये पडू नका." मी कुठे पडलो? पण वाक्य माझंच होतं, फक्त पायाच्या जागी अंगठा आला होता.

त्या संध्याकाळी मालकांनी स्वतः तिच्या कॅमेऱ्यातली सगळी सेटिंग पुसून टाकली. पडद्यावर तसं एक बटणच असतं, दाबलं की सगळं कारखान्यातून आल्यासारखं. सकाळी खुंटीने ती पुन्हा लावली. संध्याकाळी मालकांनी पुन्हा पुसली. सकाळी पुन्हा लावली. मालकांनी नखाने रबराचा गोल खरवडून काढला, तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने तिला पॅचची अख्खी पट्टी देऊन टाकली. म्हणाला, "रोज इतकी पंक्चर काढतो, त्यात तुझ्या कॅमेऱ्याचं एक." हलवून खुंटी बळकट म्हणतात ना, त्यातली गत. सुरुवातीला तिला सगळं लावायला चहाचा कप संपेपर्यंत वेळ लागायचा. नंतर नंतर ती कॅमेऱ्याकडे न बघता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता लावायची.

शेवटी मालकांनी कॅमेरा कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि काउंटरची खुर्ची पुढे ओढली. "बस इथे. सावलीत आहे, पंखा आहे. बढती समज."

"पंखा तुम्हाला ठेवा," ती म्हणाली आणि बसली.

खुंटीच्या घरी गेलो, तर बहिणीने घर डोक्यावर घेतलं. "दादा, तूच हिला चढवून ठेवलंयस! अगं, माणसं नवरा सोडतात, घर सोडतात, आणि तुला एक बटण सोडवत नाही?"

"आई, आज बटण सोडलं की उद्या म्हणतील मैदान सोड. परवा म्हणतील कॅमेरा सोड."

"मैदान तर गेलंच की तुझं!"

खुंटी पोळपाट-लाटणं धुवायला उठून गेली आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ धूत बसली. मला पहिल्यांदाच काही गोष्ट सांगायला सुचली नाही.

काउंटरवर ती काम चोख करायची. "मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका. संपलं, आता हसा." पण दुपारी शाळेची पोरं धावायचे बूट खांद्यावर टाकून समोरून जायची, तेव्हा तिचा उजवा अंगठा काउंटरच्या काचेवर आपोआप फिरायला लागायचा. वर, मध्ये, खाली. मी बाकावरून बघायचो आणि पेपरात तोंड घालायचो.

एक मात्र तिने केलं. फोटो छापायचं मशीन काउंटरमागेच. तिने तो वादाचा फोटो चांगला मोठा छापला आणि मालकांच्या नियमाच्या कागदाशेजारी, त्याच उंचीवर लावला. मालकांनी काढला. तिने दुसरा छापून लावला. मालक म्हणाले, "कागद कोणाचा आहे?" ती म्हणाली, "माझ्या पगारातून कापा." गिऱ्हाइकं विचारायला लागली, ही मुलगी कोण हो? शेवटी पोचली का? मालकांना उत्तर द्यावं लागायचं, कारण गिऱ्हाईक विचारणार त्यांनाच. "पोचली, पोचली," असं ते वैतागून सांगायचे. बहुतेक म्हणूनच त्यांनी पुढे तो काढायचं सोडून दिलं.

मग पोहण्याच्या स्पर्धा आल्या. उस्ताद एकटे गेले. परत आले ते पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि चेहरा त्याहून ओला. फोटो मोठ्या पडद्यावर लावले. पाण्याचे तुषार झकास. रांगा पाडणारे दोर आणि त्यावरच्या रंगीत गोट्या झकास. शिट्टी फुंकणाऱ्या पंचांचे फुगलेले गाल तर असे, की फुंकर ऐकू यावी. पोहणारे कुठे होते ते पाण्यालाच माहीत.

"बीप तर प्रत्येक वेळी झाली," उस्ताद म्हणाले.

खुंटीने पासपोर्टचे फोटो कापता कापता विचारलं, "झाली. पण कोणावर झाली?"

मालक जेवायला गेल्यावर उस्ताद काउंटरपाशी येऊन उभे राहिले. खिशातलं पिवळं फडकं काढून काउंटरची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"ते मधलं बटण," ते हळूच म्हणाले. "पिच्छा सोडत नाही म्हणतेस ते. एवढं एकच माझ्या कॅमेऱ्यात कर. मालकांना कळायचं काही कारण नाही."

मी पेपर खाली केला. हे सोपं होतं. केलं असतं तर उस्ताद तिच्या बाजूला आले असते, गुपचूप का होईना. मी मान हलवून तिला खुणावलंही, कर म्हणून.

"करते," खुंटी म्हणाली. "पण मालकांसमोर."

"वेडी आहेस का? एवढी वर्षं मी सगळ्यांना काय शिकवलं, आणि आता त्यांच्यासमोर मी..."

"चोरून नाही करणार, उस्ताद. मी माझंही कधी चोरून केलं नाही. मालकांनी रोज संध्याकाळी पुसलं, मी रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत लावलं."

उस्ताद फडकं खिशात कोंबून तरातरा निघून गेले. मी म्हटलं, "खुंटे, दार उघडलं होतं की गं!" ती म्हणाली, "मामा, तुम्ही ठोकळा रात्री लावून सकाळी काढून ठेवत होतात का?" आपल्याच गोष्टीने आपलं तोंड बंद व्हावं, असं क्वचितच होतं.

पुढचे दोन-तीन दिवस उस्ताद तिच्याशी बोललेच नाहीत. फडकं मात्र सारखं हातात. मग एका सकाळी मालक टेबलाशी हिशेब घालत बसले असताना ते आले आणि आपला कॅमेरा काउंटरवर ठेवला. असा ठेवला, की मालकांनी मान वर केलीच पाहिजे.

"खुंटी," ते मोठ्याने म्हणाले, "माझं बटण बदल."

मालकांचं पेन तिथेच राहिलं. "उस्ताद, हे काय चाललंय?"

"सांगतो. तुमच्या वडिलांच्या वेळी कॅमेऱ्याला बीप नव्हती. लेन्सची कडी हाताने फिरवायचो. कोणावर नजर ठेवायची ते मी ठरवायचो, कोणाला विचारत नव्हतो. बीप आली आणि मी तिला विचारायला लागलो. पोरांनाही तेच शिकवलं." त्यांनी खुंटीकडे बोट केलं. "ही विचारत नाही. एवढाच फरक."

"आणि माझा नियम?"

"नियम भिंतीवर राहू दे. भिंत कुठे पळतेय, तिला काही फोकस लागत नाही."

मी पेपराआड तोंड लपवून हसलो, पण पेपर हलत होता.

मालकांनी उस्तादांकडे पाहिलं, मग खुंटीकडे. त्यांचीही बाजू होती. स्टुडिओ त्यांचा, फोन त्यांना यायचे. "आणि पुन्हा एकाने दुसऱ्याचा कॅमेरा उचलला तर?"

"उचलायचा नाही," खुंटी म्हणाली. "मैदानावर दोन कॅमेरे, दोन माणसं. ज्याचा त्याने वापरायचा. तिसरा तुमच्या नियमाचा, इथे काउंटरवर, पासपोर्टला. त्याला कोणी हात लावणार नाही."

"बक्षीस समारंभात पाहुण्यांचे फोटो काढशील?"

"काढीन. मैदानात धावणारं कोणी उरलं नसेल तर."

"म्हणजे तुझं तेच!"

"तेच."

मालकांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि हिशेबाच्या वहीवर आपटली. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. किल्लीकडे बोट करून पुन्हा बेरजेत शिरले. खुंटीने आधी आपला कॅमेरा काढला नाही. आधी उस्तादांचा घेतला.

"आधी चष्मा खाली घ्या," ती म्हणाली.

"चष्म्याचा काय संबंध?"

"संबंध आहे."

उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी त्या भिंतीवरचा फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. जवळ गेले. त्या मुलीची नाडी पाहिली, ओठ पाहिला. "हा मी काढला?" म्हणाले. "बोट माझं होतं."

"आणि अंगठा माझा."

तो फोटो मग काचेत गेला. ते प्रमुख पाहुणे एकदा रस्त्याने जाताना थांबून बघत होते म्हणे. सायकलवाल्याला त्यांनी विचारलं, "पुढचे हे धूसर गृहस्थ कोण?" सायकलवाला म्हणाला, "साहेब, चेहरा नाही, कसं सांगणार?"

परवाच्या स्पर्धांना मी मुद्दाम गेलो. यंदा पाहुणे दुसरे होते, पण घाई तीच. लांब पल्ल्याच्या शर्यतीतली बाकी सगळी मुलं येऊन पोचली आणि एक जाडसर मुलगा अजून शेवटच्या फेरीत होता. पाहुण्यांनी चषक उचलला. संयोजकांनी खुंटीला हाक मारली. मालकही आले होते, त्यांनी रुमालाने मान पुसली. खुंटीने मैदानावरून नजर वळवली नाही. संयोजकांनी पुन्हा हाक मारली. उस्ताद चष्मा लावून पुढे झाले आणि पाहुण्यांना म्हणाले, "जरा धरून ठेवा, साहेब. ती येईल. अजून एकजण यायचाय." आणि पाहुण्यांनी खरंच चषक धरून ठेवला, ओठांवर हसू ताणून, तो मुलगा पोचेपर्यंत.

मी मात्र उत्साहाच्या भरात काठी उंचावून त्या मुलाला 'पळ, पळ' म्हणून ओरडायला मैदानाच्या कडेला गेलो, तो नेमका तिच्या कॅमेऱ्यासमोर.

"मामा, बाजूला व्हा!"

माझी बाजूला होण्याची गती तुम्हाला माहीत आहे. तो फोटोही आता काचेत लागलाय. मुलगा असा आलाय की त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब सुटताना दिसतो. डाव्या कडेला काठी घेतलेला एक मोठा धूसर ढग आहे. तो मी.